‘झाईर’ हे अस्सल आफ्रिकी नाव? अर्धंच खरं!

मध्य आफ्रिकेतल्या काँगोचा हुकूमशहा मोबुटू याने ‘वसाहतवादी’ नाव पुसून देशाला ‘झाईर’ हे अस्सल आफ्रिकी नाव दिलं, असं अजूनही सांगितलं जातं. प्रत्यक्षात उलटं आहे. ‘काँगो’ हेच तिथलं नाव, पोर्तुगीज येण्याआधीपासूनच्या कोंगो राज्यावरून आलेलं. कोंगो भाषेत नदीला ‘न्झादी’ म्हणतात. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचं झालं ‘झाईर’. म्हणजे शब्द तिथलाच, पण परक्यांनी बिघडवलेला.

बेल्जियमकडून ३० जून १९६० ला स्वातंत्र्य मिळालं, काही महिन्यांतच पंतप्रधान लुमुंबा पदच्युत झाले आणि जानेवारी १९६१ मध्ये त्यांची हत्या झाली. १९६५ च्या लष्करी उठावानंतर सत्ता पूर्णपणे मोबुटूच्या हाती आली. ऑक्टोबर १९७१ मध्ये त्याने देशाबरोबर काँगो नदीचंही नाव बदलून ‘झाईर’ केलं. मग लोकांनी ख्रिस्ती नावं टाकायची, असा फतवा निघाला. तो स्वतः जोसेफ-देझिरेचा मोबुटू सेसे सेको झाला.

पोशाखाची गंमत तर विचारूच नका. सूट-टायऐवजी आलेला ‘अबाकोस्त’ पारंपरिक आफ्रिकी वेष समजला जातो. तो बेतलेला होता माओच्या कोटावर, आणि नाव चक्क फ्रेंच घोषणेतून आलेलं: ‘सूट मुर्दाबाद’!

१९९७ मध्ये मोबुटूची सत्ता गेली आणि ‘काँगो’ परत आलं.