इंदूरचं घर भाड्यानं देताना: किरायानामा, पोलीस सत्यापन आणि थकलेल्या भाड्याची नोटीस

सुदामा नगरातल्या मावशीच्या घराचा वरचा मजला गेली अकरा वर्षं भाड्यानं दिलेला आहे. तिचा एक मुलगा पुण्यात, दुसरा जर्मनीत. त्यामुळे भाडं घेणं, पावत्या, वीजबिल, नळाची गळती सगळं माझ्याकडे. पहिली चार वर्षं मी भाडं रोखीनं घेतलं आणि पावती दिली नाही, कारण ते कुटुंब अगदी घरच्यासारखं होतं. मग पाच महिन्यांचं भाडं थकलं. वकिलांकडे गेले तर त्यांचा पहिलाच प्रश्न होता, शेवटचं भाडं कोणत्या महिन्याचं मिळालं आणि त्याचा कागद कुठे आहे? माझ्याकडे दाखवायला भिंतीवरच्या कॅलेंडरवरच्या खुणा होत्या. तेव्हापासून जे शिकले, ते इथे लिहिते आहे. रामबाग, लोकमान्य नगर, टिळक नगर भागातल्या कितीतरी मराठी घरांत आज हीच स्थिती आहे: मुलं बाहेरगावी, खाली एकटी आई नाहीतर मावशी आणि वर भाडेकरू.

पुण्याचा कायदा इथे लागत नाही

पुण्याच्या मावसभावानं मला लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी राहायची परवानगी देणाऱ्या कराराचा, नमुना पाठवला होता. तो तसाच भरून सही केली असती तर मोठीच चूक झाली असती. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आहे. त्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि लायसन्सची मुदत संपली की जागा परत मिळवायला वेगळा, जलद मार्ग आहे. मध्य प्रदेशात चालतो तो मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम १९६१. कागदाला नाव काहीही द्या, घर पूर्णपणे राहणाऱ्याच्या ताब्यात आणि तुम्ही दरमहा भाडं घेताय, तर तो माणूस किरायेदार, म्हणजे भाडेकरू, मानला जाण्याचीच शक्यता जास्त. आणि किरायेदाराला केवळ ‘मुदत संपली’ म्हणून काढता येत नाही. कलम १२ मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखादं सिद्ध करावं लागतं. भाडं थकवणं, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं, मालकाला स्वतःला राहायला जागेची खरी गरज असणं, अशी ती कारणं आहेत.

‘अकरा महिन्यांचा करार केलाय, मग काळजी कसली?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे! अकरा महिने येतात ते नोंदणी अधिनियम १९०८ च्या कलम १७ मुळे. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे, म्हणून लोक त्या आत थांबतात. त्यानं नोंदणीचा खर्च वाचतो. बाराव्या महिन्यात घर रिकामं होईल याची हमी त्यातून मिळत नाही.

घर भाड्यानं देण्याचा अधिकार कुणाला

१९६१ च्या अधिनियमात घरमालकाची व्याख्या सैल आहे. जो स्वतःसाठी किंवा दुसऱ्याच्या वतीनं भाडं घेतो, तोही मालकाच्या जागी धरला जातो. त्यामुळे भाचीनं भाडं घेण्यात गैर काही नाही. पण ‘मला राहायला जागा हवी’ या कारणावर घर मागायचं असेल, तर मागणारा खरोखर मालक असावा लागतो. इथे बरीच मराठी घरं अडतात, कारण घर अजून वडिलांच्या किंवा काकांच्या नावावरच असतं.

आमच्याकडे घर काकांच्या नावावर होतं. ते गेल्यावर मावशी आणि दोन्ही मुलं असे तीन वारस. नगर निगमकडे नामांतरणासाठी मृत्यूचा दाखला, मूळ खरेदीखत, वारसांची माहिती आणि शपथपत्र, सगळ्यांचे आधार आणि संपत्तिकर भरल्याची चालू वर्षाची पावती एवढं गोळा करून ठेवा. कर थकलेला असेल तर तो आधी भरावा लागतो. मात्र नामांतरण म्हणजे मालकी नव्हे. ती फक्त कराच्या खात्यावरची नोंद. मालकी एका हाती आणायची तर बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कत्यागपत्र लागतं. आमच्या दोघा भावांनी आईच्या नावे ते करून दिलं, आणि त्याचा फायदा आम्हाला पुढे दोन ठिकाणी झाला. मुलांमध्ये एकमत नसेल तर घाई नको. तोवर भाडं कुणी घ्यायचं याचं सर्वांच्या सहीचं संमतिपत्र तरी करून ठेवा.

मालक गावात नसेल तर मुखत्यारपत्र हवं. त्यात भाडं घेणं, पावती देणं, किरायानाम्यावर सही करणं, नोटीस देणं आणि कोर्टात उभं राहणं हे अधिकार वेगवेगळे, शब्दांत लिहा. घर विकण्याचा अधिकार त्यात घालू नका. त्याची या कामाला गरज नाही. परदेशातल्या भावाला मुखत्यारपत्र करायचं असेल तर ते तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित करून पाठवतात, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. ही तीन महिन्यांची मुदत अनेकांच्या लक्षातच येत नाही.

हल्ली भाडं वसूल करून देणारे, भाडेकरू शोधून देणारे लोकही मिळतात. बाहेरगावच्या मालकाला त्यांची मदत होते. पण भाडं थेट मालकाच्या खात्यात येऊ द्या; मध्यस्थाचा मोबदला वेगळा द्या.

किरायानामा

मध्य प्रदेशात मुद्रांक आणि नोंदणीचं काम संपदा पोर्टलवर चालतं. ऑक्टोबर २०२४ पासून संपदा २.० सुरू झालं, त्यात आधारवरून ओळख पटवून घरबसल्या ई-मुद्रांक काढता येतो. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी सेवा प्रदाता असतातच. शुल्काचे दर बदलतात, म्हणून शेजाऱ्यानं गेल्या वर्षी किती भरलं यावर जाऊ नका. त्या दिवशीचा दर पोर्टलवर बघा.

लागणारे कागद थोडेच: मालकीचा पुरावा, संपत्तिकराची पावती, वीजबिल, दोघांचे आधार आणि पॅन, फोटो, मुखत्यार असेल तर त्याचं पत्र. मजकूर हिंदीत ठेवा, कारण ठाणं आणि कोर्ट तोच वाचणार. भाडं किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या खात्यात. पेशगी, म्हणजे अनामत रक्कम, किती आणि ती परत कधी. भाडेवाढ कधी आणि किती टक्के. विजेच्या मीटरचा त्या दिवसाचा आकडा. नर्मदेच्या पाण्याची पट्टी कुणी भरायची. राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव. भँवरकुआँ भागात राज्य लोकसेवा आयोगाची तयारी करणारी मुलं असतात. एकाच्या नावे खोली घेतली जाते आणि सहा महिन्यांत चौघं राहायला लागतात. तिथे हे शेवटचं कलम फार उपयोगी पडतं.

पेशगीबद्दल एक गैरसमज आहे. दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा केंद्राच्या २०२१ च्या आदर्श कायद्यात आहे. तो नमुना आहे. राज्यानं त्यावर स्वतःचा कायदा केला तरच तो लागू होतो. तरी मी स्वतः दोन महिन्यांहून जास्त घेत नाही. मुलाच्या फीसाठी जपलेले पैसे एखाद्या कुटुंबानं माझ्याकडे अडकवून ठेवावेत, हे मला बरं वाटत नाही.

पोलीस सत्यापन

इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्त व्यवस्था आहे. भाडेकरूची माहिती ठाण्यात देण्याचे आदेश इथे निघत असतात. असे आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली काढतात. पूर्वी हेच कलम १४४ होतं. माहिती दिली नाही तर गुन्हा मालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली नोंदवला जातो, भाडेकरूवर नाही. त्यामुळे ‘तुम्ही जाऊन करून घ्या’ असं भाडेकरूला सांगून मोकळं होता येत नाही.

अर्ज मध्य प्रदेश पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर किंवा एमपी ईकॉप ॲपवर करता येतो, ठाण्यात जाऊनही करता येतो. भाडेकरूचा फोटो, ओळखपत्र, मूळ गावचा पत्ता, आधीच्या घराचा पत्ता, नोकरी किंवा कॉलेजची माहिती आणि सोबत राहणाऱ्यांची नावं द्यावी लागतात. अर्जाचा क्रमांक किंवा ठाण्याचा शिक्का असलेली प्रत जपून ठेवा. सामान चढण्याआधीच हे उरका. एकदा माणूस राहायला आला की दोन्हीकडून टाळाटाळ सुरू होते.

दर महिन्याचं भाडं

आता मी भाडं फक्त खात्यात घेते. यूपीआयवर दरमहाची ऑटोपे सूचना लावता येते. १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन टाकावा लागत नाही. मध्यमवर्गीय घराचं भाडं बहुधा त्यात बसतं. तरीही पावती देतेच. पावतीवर महिना आणि वर्ष, रक्कम, मिळाल्याची तारीख, व्यवहाराचा क्रमांक, मागची बाकी असेल तर तीही. कुणी रोख दिलं आणि रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रसीदी तिकीट लावा. ‘भाडं मिळालं’ एवढंच लिहिलेली पावती कुचकामी, कारण भांडण नेहमी ‘कोणत्या महिन्याचं’ यावरच होतं. जूनमध्ये आलेले पैसे एप्रिलचे की जूनचे, हे त्याच दिवशी लिहून ठेवा.

एका जाडसर वहीत डावीकडे येणं, उजवीकडे मिळालेलं, आणि खाली भाडेकरूची दर तीन महिन्यांनी सही. ही सही सलोखा असताना सहज मिळते.

भाडं थकलं तर

आधी घरी जाऊन बोला. नोकरी गेली असेल, घरात आजारपण असेल. पण त्या बोलण्यातून जे ठरेल ते त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा.

मग लेखी मागणी. कलम १२(१)(क) प्रमाणे थकबाकीची नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत भाडेकरूनं पूर्ण रक्कम दिली नाही, तर घर रिकामं करण्यासाठी दिवाणी दावा लावता येतो. नोटिशीत रक्कम अचूक हवी. १४,००० च्या भाड्यानं चार महिने म्हणजे ५६,०००. त्यात वीजबिल, रंगकाम, जुनी उसनवारी मिसळू नका, ते वेगळ्या परिच्छेदात मागा. स्पीड पोस्टनं पाठवा आणि ती पोचल्याचा पुरावा काढून ठेवा, कारण दोन महिने पोचल्या तारखेपासून मोजतात. थकबाकीचा दावा तीन वर्षांच्या आतच लावता येतो, म्हणून ‘देईल कधीतरी’ म्हणत बसू नका.

दावा लागल्यावर भाडेकरूला समन्स मिळाल्यापासून एका महिन्यात थकबाकी कोर्टात भरावी लागते आणि पुढे दरमहा १५ तारखेपर्यंत भाडं भरत राहावं लागतं. त्यानं ते नीट केलं तर या कारणावर घर जात नाही. ही सवलत मात्र एकदाच. ती घेतल्यावर पुन्हा सलग तीन महिने थकवलं तर कायदा त्याला वाचवत नाही. घर गेलं नाही तरी भाडं वसूल होतं, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

विधवा, घटस्फोटित स्त्री, दिव्यांग व्यक्ती आणि निवृत्त सरकारी किंवा सैन्यातले कर्मचारी यांच्यासाठी अधिनियमात वेगळा रस्ता आहे. कलम २३-क खाली त्यांना खऱ्या गरजेसाठी थेट भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि भाडेकरूला बचाव करायचा असेल तर आधी शपथपत्र देऊन परवानगी मागावी लागते. हक्कत्यागपत्राचा पहिला फायदा हाच: मावशी एकटी मालक असल्यानं हा दरवाजा तिला उघडा आहे. मात्र तो फक्त गरजेसाठी. थकलेल्या भाड्यासाठी दिवाणी कोर्टच.

काहीही झालं तरी वीज-पाणी तोडू नका आणि कुलूप लावू नका. त्या दिवशी तुमची बाजू बरोबर असली तरी तुम्हीच आरोपी होता.

आयकराचं थोडं

भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असेल आणि भाडेकरू पगारात घरभाडं भत्त्याची सूट घेत असेल, तर तो तुमचा पॅन मागेल, द्यायलाच हवा. भाड्यातून त्या वर्षी मालकानं प्रत्यक्ष भरलेला संपत्तिकर वजा होतो आणि उरलेल्यावर ३० टक्के सरसकट सूट मिळते, दुरुस्तीची बिलं असोत वा नसोत. १४,००० भाडं म्हणजे वर्षाचे १,६८,०००. कर ६,००० भरला तर १,६२,०००. त्यातून ४८,६०० गेले की १,१३,४०० उत्पन्नात धरायचे.

दरमहा ५०,००० च्या वर भाडं देणाऱ्या व्यक्तीला २ टक्के कर कापून भरावा लागतो. पण घरमालक अनिवासी असेल तर ही किमान मर्यादा नाहीच: भाडं १०,००० असलं तरी भाडेकरूनं कर कापायचा असतो, आणि दरही बराच चढा, ३० टक्क्यांच्या वर. साध्या भाडेकरूला हे झेपत नाही आणि मग तो घरच नको म्हणतो. जर्मनीतल्या भावाचा हिस्सा आईच्या नावे झाल्यावर आमची यातून सुटका झाली. हक्कत्यागपत्राचा तो दुसरा फायदा.