पिंग होतंय, मग फाइल का उघडत नाही?

सांगलीत विश्रामबागेत बसून व्हीपीएनवरून (म्हणजे इंटरनेटमधल्या खाजगी, कूटबद्ध बोगद्यातून) पुण्याच्या ऑफिसचं काम करणाऱ्याला हे कधी ना कधी भोवतंच. सर्व्हरला पिंग केलं की लगेच उत्तर येतं, लॉगिनही होतं, पण मोठी फाइल उघडायला जावं तर चक्र नुसतं फिरत राहतं. ऑफिस म्हणतं सर्व्हर चालू आहे, नेटवाला म्हणतो स्पीड फुल आहे. दोघंही खरंच बोलत असतात.

माईक म्यूस या अमेरिकी प्रोग्रामरने १९८३ साली लिहिलेला पिंग हा छोटा प्रोग्राम विचारतो फक्त ‘आहेस का?’ विंडोजवर त्यात मजकूर असतो जेमतेम ३२ बाइटचा. पुलाखालून मोटारसायकल निघून गेली म्हणून उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली जाईलच असं नाही, तसंच हे.

नेटवर्कवरून माहिती पॅकेट नावाच्या तुकड्यांत जाते. इथरनेटवर, म्हणजे नेहमीच्या तारेच्या नेटवर्कवर, एका पॅकेटची कमाल मर्यादा साधारण १५०० बाइट. घरच्या फायबरवर पीपीपीओई (नेटवाल्याकडे लॉगिन करून जोडणी घेण्याची पद्धत) असेल तर ८ बाइट तिथेच जातात, उरतात १४९२. त्यात व्हीपीएन प्रत्येक पॅकेटला कूटबद्ध वेष्टन चढवतं. वायरगार्ड या व्हीपीएनचं वेष्टन आयपीव्ही४ या जुन्या इंटरनेट पत्तापद्धतीवर ६० बाइटचं, आयपीव्ही६ या नव्या पद्धतीवर ८०चं. वेष्टनाआधीच्या पॅकेटसाठी त्याची नेहमीची मर्यादा १४२० असते; म्हणजे वेष्टनासकट आयपीव्ही४वर १४८०, सहज मावतं. आयपीव्ही६वर मात्र १५००, आणि ८ बाइटसाठी गाडी अडते.

खरं तर अडवणाऱ्या राउटरने ‘पॅकेट मोठं आहे, माझी मर्यादा इतकी’ असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या सूचनांची पद्धत; पिंगही त्यावरच चालतो) निरोप परत पाठवायचा असतो. १९९०पासून तसा प्रघात आहे. पण सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर सरसकट आयसीएमपी बंद करणारे महाभाग आहेत. याला सुरक्षा म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही. निरोप हरवतो, पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

तपासायचं असेल तर व्हीपीएन बंद करून, ‘तुकडे करू नका’ हा पर्याय लावून व्हीपीएन सर्व्हरला १४७२ बाइटचा पिंग द्या. त्यात आयपीव्ही४च्या पिंगला लागणाऱ्या शीर्षकांचे (पत्ता वगैरे माहितीचे) २८ मिळवले की १५०० होतात. उत्तर नाही आलं तर आकडा कमी करत जा. १४६४ला आलं, तर वाट १४९२ची. ८० वजा करून वायरगार्डला १४१२ द्या. (काही सर्व्हर पिंगला उत्तरच देत नाहीत, ते बंद असतात असं नव्हे.)

२०२१ साली प्रमाणित झालेल्या क्विक या इंटरनेटवरच्या डेटा-वाहतुकीच्या पद्धतीने यातून धडा घेतला. त्याचं पहिलंच पॅकेट मुद्दाम भर घालून किमान १२०० बाइटचं केलेलं असतं. पुढे तो त्याहून मोठी पॅकेटं टाकून बघू शकतो आणि पोच आली तरच मर्यादा वाढवतो, राउटरच्या निरोपावर अवलंबून राहत नाही. वायरगार्ड असा शोध स्वतः घेत नाही. तिथे आकडा हातानेच बसवावा लागतो.