स्टीव्ह नॅश आणि फिनिक्सच्या वेगवान बास्केटबॉलची पार्श्वभूमी

एनबीए या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या आजच्या सामन्यांतला वेग आणि तीन गुणांच्या फेकींचा मारा पाहताना 2004 सालचा उन्हाळा आठवायला हवा. पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाली रचणारा खेळाडू, असलेला स्टीव्ह नॅश तेव्हा तिशीत होता आणि त्याची पाठ कायम दुखत असे. डॅलस मॅव्हरिक्स संघ त्याच्याशी मोठा करार करायला कचरला. फिनिक्स सन्सने तो केला.

नॅशचा जन्म 1974 साली जोहान्सबर्गचा, पण तो वाढला कॅनडाच्या व्हिक्टोरिया शहरात. वडील व्यावसायिक फुटबॉलपटू. त्यामुळे घरात फुटबॉल होताच, आणि तिरप्या कोनांतून पास काढण्याची त्याची नजर तिथेच तयार झाली असावी, असं मला त्याचा खेळ पाहताना नेहमी वाटतं. बास्केटबॉल त्याने बाराव्या-तेराव्या वर्षी हाती घेतला. शाळेतल्या प्रशिक्षकांनी अमेरिकेतल्या तीसहून अधिक कॉलेजांना पत्रं धाडली. शिष्यवृत्ती देऊ केली ती एकट्या सांता क्लाराने. 1993 मध्ये याच छोट्या कॉलेजने बलाढ्य ॲरिझोना विद्यापीठाच्या संघाला हरवलं.

1996 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ क्रमाने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत, फिनिक्सने त्याला पंधराव्या क्रमांकावर घेतलं, तेव्हा तिथल्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. दोन वर्षांनी तो डॅलसला गेला. तिथे सहकारी डर्क नोविट्स्कीसोबत त्याची जोडी जमली.

2004 मध्ये फिनिक्सला परतल्यावर जे घडलं ते मात्र विलक्षण होतं. आदल्या हंगामात या संघाने 82 पैकी 29 सामने जिंकले होते. नॅश आल्यावर जिंकले 62. प्रशिक्षक माइक डी'अँटोनी यांचा आग्रह असा, की चेंडू हाती आल्यापासून सात सेकंदांच्या आत फेक व्हावी. पण नुसतं धावून हे साधत नाही. सहकारी आमारे स्टाउडमायर प्रतिस्पर्ध्याला अडवून बास्केटकडे झेपावायचा, कोपऱ्यांत नेमबाज उभे असायचे, आणि मधोमध नॅश ड्रिबल, म्हणजे चेंडूचे टप्पे, न थांबवता बचावपटूंच्या चुकीची वाट पाहायचा. त्याच हंगामापासून बाहेरच्या भागात हाताने ढकलून खेळाडू अडवण्यावर पंच कडक झाले, त्याचाही त्याला फायदा झाला. 2005 आणि 2006, दोन्ही वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दुसऱ्या वर्षी तर स्टाउडमायर जखमी होऊन जवळपास पूर्ण हंगाम बाहेर होता, म्हणून तो सन्मान मला अधिक मोलाचा वाटतो.

अंतिम फेरी मात्र कधीच लाभली नाही. 2007 च्या बाद फेरीत सॅन अँटोनिओ संघाविरुद्ध त्यांच्या रॉबर्ट होरीने नॅशला धक्का देऊन टेबलावर आदळलं. स्टाउडमायर आणि फिनिक्सचाच बोरिस डिओ बाकावरून उठून पुढे आले, एवढ्यावरून दोघांवर एकेका सामन्याची बंदी आली. नियम नियमाच्या जागी, पण ज्याच्यावर आघात झाला त्याच्याच संघाला त्याची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली, हे आजही सलतं.

मणक्यातल्या दोषामुळे नॅश विश्रांतीच्या वेळी बाकावर न बसता जमिनीवर आडवा व्हायचा. अखेरची वर्षं लॉस एंजेलिस लेकर्समध्ये दुखापतींतच गेली. 10,335 असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला कारणीभूत ठरलेले पास) आणि 90 टक्क्यांहून अधिक अचूक फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकी) नावावर जमा करून मार्च 2015 मध्ये तो निवृत्त झाला.

त्याच जूनमध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने वेगवान खेळाच्या जोरावर विजेतेपद पटकावलं. त्यांचे प्रशिक्षक स्टीव्ह कर हे फिनिक्सचे माजी व्यवस्थापक, सहायक ॲल्विन जेंट्री हे फिनिक्सचे माजी प्रशिक्षक, आणि संघात नॅशचा जुना सोबती लिआंद्रो बार्बोसाही होता.