12 व्होल्टच्या दिव्यांना बारीक वायर पुरते का?
बंगल्याच्या फाटकापासून पोर्चपर्यंत दिवे लावताना ‘12 व्होल्टच तर आहेत, कुठलीही बारीक वायर चालेल’ असे हमखास सांगितले जाते; हा समज चुकीचा आहे. 60 वॅटच्या दिव्यांना 230 व्होल्टवर जेमतेम पाव अँपिअर प्रवाह लागतो, तर 12 व्होल्टवर 5 अँपिअर. म्हणून हा सगळा भार 1.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीने 30 मीटरवर नेला, तर जाऊन-येऊन 60 मीटर तारेतच सुमारे साडेतीन व्होल्ट खर्ची पडतात. पोर्चजवळचा दिवा लख्ख आणि फाटकाजवळचा मिणमिणता दिसतो तो यामुळे. दोष बहुधा दिव्याचा नसतो. 4 चौरस मिलिमीटरच्या वायरीत हीच घट दीड व्होल्टच्या आत राहते. नुसती टेप गुंडाळलेले सांधे मात्र कृपा करून जमिनीत पुरू नयेत, कारण पावसाळ्यात ओल शिरून तांबे हिरवे पडते.