नागपूरचं पाणी: चौराईपासून आंभोऱ्यापर्यंत

नागपूरकराच्या नळाला येणारं बहुतेक पाणी मध्य प्रदेशात पडलेल्या पावसाचं असतं. पेंच नदी छिंदवाडा जिल्ह्यात उगम पावते, राज्याच्या सीमेवर तोतलाडोहला अडते, खाली नवेगाव खैरीला पुन्हा अडते आणि तिथून शहराच्या वाट्याला येते. उरलेली गरज भागवणारी कन्हानही सातपुड्यातूनच उतरते. म्हणजे शहराचा विकास आराखडा नागपुरात बनतो, पण त्यातला पाण्याचा पहिला आकडा ठरतो छिंदवाड्यात.

2019 साली हे अख्ख्या शहराला कळलं. तोतलाडोहच्या वर, पेंचवरच, मध्य प्रदेशाने चौराईचं धरण बांधलं होतं. पाऊस रुसला, वरचं पाणी वर अडलं, तोतलाडोहचा साठा तळाला गेला आणि जुलै महिन्यात, ऐन पावसाळ्यात, शहराला एक दिवसाआड पाणी द्यायची वेळ आली. यात मध्य प्रदेशाने काही चोरलं असं म्हणता येत नाही. पेंच ज्यात येते त्या गोदावरी खोऱ्याच्या पाण्याची राज्याराज्यांतली वाटणी लवादाने 1980 मध्येच ठरवून दिली आहे आणि आपल्या वाट्याचं पाणी अडवायचा हक्क प्रत्येक राज्याला आहे. पण वाटणीचे आकडे एक आणि कोणत्या महिन्यात कोण किती अडवणार, किती सोडणार हे वेळेवर सांगणं दुसरं. पहिलं काम कागदावर एकदा करून भागतं, दुसरं रोज करावं लागतं.

पाणी जास्त झालं की हीच गोष्ट उलटी फिरते. ऑगस्ट 2020 च्या शेवटी मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, वरच्या धरणांतून विसर्ग सुरू झाला, वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगाकाठची गावं पाण्यात गेली. समन्वय नव्हता, अशी टीका तेव्हा बरीच झाली. पुराच्या लोंढ्याला वरच्या धरणापासून खालच्या गावापर्यंत पोचायला काही तास, कधी दीड-दोन दिवस लागतात. तेवढ्या वेळात खालच्या धरणात जागा करता येते, गाव हलवता येतं. अट एकच, वरून निरोप निघाला पाहिजे.

आता शहराच्या खालच्या अंगाला येऊ, कारण माझ्या मते खरा गुंता तिथे आहे.

शहराला जितकं पाणी पुरवलं जातं, त्याच्या साधारण 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं गणित अभियंते धरतात. नागपूरला रोज 600 दशलक्ष लिटरांहून जास्त पाणी लागतं, म्हणजे पाचशेच्या आसपास दशलक्ष लिटर सांडपाणी रोज तयार होतं. त्यातलं जे प्रक्रियेविना सुटतं ते नाग आणि पिवळी नदीतून पूर्वेला जातं आणि कन्हानला मिळतं. गंमत अशी, की शहर कन्हानचं पाणी उचलतं ते या संगमाच्या वर आणि घाण सोडतं ती खाली. पुढे कुही तालुक्यात आंभोऱ्याला कन्हान वैनगंगेत मिसळते. तिथे गोसेखुर्दचं फुगवट्याचं पाणी उभं असतं.

उभं, हाच मुद्दा आहे. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण जीवाणू खातात आणि खाताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. वाहती नदी खडकांवर आपटते, खळखळते, हवेतून प्राणवायू परत भरून घेते. धरणात ती भरपाई मंदावते. त्यात विदर्भाचा उन्हाळा: 20 अंशांना एका लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 35 अंशांना जेमतेम 7. मासे नीट जगायला 4 तरी लागतो. शिवाय साबण आणि मलमूत्रातून आलेलं फॉस्फरस व नत्र हे जलपर्णीला आयतं खत. तिची गादी पसरली की खाली ऊन जात नाही, हवा पोचत नाही, ढिवरांची, म्हणजे इथल्या मासेमारांची, जाळी अडकतात ती वेगळीच.

यावर नागपूरने एक काम देशाला दाखवण्यासारखं केलं आहे. भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रात शहराचं सांडपाणी शुद्ध करून रोज 130 दशलक्ष लिटर पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची योजना महापालिका आणि महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने उभारली. वीज केंद्राला पाणी लागतं ते मुख्यतः शीतकरण मनोऱ्यांसाठी. तिथे ते वाफ होऊन उडतं, म्हणून ते पिण्याजोगं असण्याची गरज नसते. फक्त अमोनिया आणि फॉस्फेट काढावं लागतं, नाहीतर नळ्यांत क्षार बसतात आणि शेवाळ माजतं. एक मेगावॅट-तास विजेमागे साधारण 3 घनमीटर पाणी धरा. कोराडीचे 660 मेगावॅटचे तीन संच दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले तर रोज 140 दशलक्ष लिटरांच्या आसपास पाणी लागेल. हिशेब जवळपास जुळतो, आणि तेवढं पेंचचं पाणी मोकळं होतं. केंद्र सरकारच्या 2016 च्या वीजदर धोरणाने तर सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या 50 किलोमीटरच्या आतल्या वीज केंद्रांना असं पाणी वापरणं बंधनकारकच केलं.

पण उन्हाळ्यात नागनदीत वाहतं ते जवळजवळ सगळं सांडपाणीच असतं. ते पूर्ण शुद्ध करून वीज केंद्रांना दिलं, तर नदीत उरतं काय? गोसेखुर्दमध्ये पोचणारा तेवढा ओघही कमी होणार. हेच पाणी वीज केंद्राच्या वहीत, नदी पुनरुज्जीवनाच्या सुमारे 1,900 कोटींच्या प्रकल्पात आणि सिंचनाच्या हिशेबात वेगवेगळं धरलं गेलं, तर ते एकाच गोठ्यातलं दूध तीन डेअऱ्यांना लिहून दिल्यासारखं होईल.

हे एका टेबलावर बसून ठरवायची सोय राज्यघटनेत आहे. 74 व्या दुरुस्तीतलं कलम 243 झेडई महानगर नियोजन समिती नेमायला सांगतं. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून निवडायचे. आराखडा करताना समितीने पाण्याच्या वाटपाचाही विचार करायचा आहे, असं कलमात स्पष्ट लिहिलं आहे. कुहीच्या लोकांना तिथे बोलता येईल, कारण कुही नागपूर महानगर प्रदेशात येतं. आंभोऱ्याला नदीच्या पलीकडचा काठ मात्र भंडारा जिल्ह्याचा, महानगर प्रदेशाच्या बाहेरचा. महानगर क्षेत्रात एकाहून जास्त जिल्हे घ्यायला घटनेची हरकत नाही. नागपूरची रेघ जिल्ह्याच्या आतच थांबली आहे आणि नागनदीचं पाणी ज्यांच्या जाळ्यात येतं तो भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा ढिवर तिच्या पलीकडे राहतो.