एसी १६ वर लावला म्हणून खोली लवकर गार होते का?

‘बाहेरून आलात की एसी १६ वर लावा, खोली पटकन गार होते’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो पटतो, कारण पंख्याच्या रेग्युलेटरने तशीच सवय लावली आहे: आकडा बदलला की वेग बदलतो. एसीच्या रिमोटवरचा आकडा मात्र कुठे थांबायचं तेवढंच सांगतो. साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकतर चालू, नाहीतर बंद. इन्व्हर्टर एसीही खोली तापलेली असताना सहसा जोरातच चालतो आणि ठरलेलं तापमान जवळ आल्यावर मंदावतो.

तापमापक ठेवून घरीच बघा. फॅन स्पीड तोच ठेवून एक दिवस २४, दुसऱ्या दिवशी १६ लावा. ३२ वरून २८ अंशांवर यायला जवळपास सारखाच वेळ लागेल. १६ वर कॉम्प्रेसर पुढेही चालत राहतो आणि बिल वाढतं.