पिंपात मुरलेली पांढरी वाइन आणि मराठवाड्याचा डोंगरउतार

ओकच्या पिंपात मुरवलेली पांढरी वाइन म्हटलं की आपल्याकडे नाशिकचं नाव निघतं. मराठवाड्याचं कुणी काढत नाही. द्राक्ष मात्र इथलं जुनं आहे, आणि मद्याच्या व्यापाराशी या भागाचा संबंध त्याहूनही जुना.

पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी वृत्तान्तात भरूच बंदरात उतरणाऱ्या मालाची यादी आहे. तिच्यात मद्य आहे, आणि इटलीच्या मद्याला पसंती असल्याचंही नोंदवलंय. त्याच बंदराकडे मराठवाड्यातल्या पैठण आणि तेरहून गाड्या भरभरून माल जायचा, तेरचं कापड आणि मलमल त्यात असायची. ते मद्य मातीच्या उभट कुंभांतून येई. लाकडी पिंपं ही युरोपातल्या गॉल लोकांची चीज. ती लोळवत नेता येतात, फुटत नाहीत, म्हणून रोमनांनी उचलली. लाकडाने चव बदलते, हा त्यातून पुढे मिळालेला फायदा.

दौलताबादची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी इथे हलवली. त्याच शतकात आलेल्या इब्न बतूताने लिहून ठेवलंय की इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात. या एका वाक्यात इथल्या वाइनची सगळी अडचण आहे. युरोपात कडाक्याच्या थंडीत वेल झोपतो, इथे तो झोपतच नाही. म्हणून आजचा बागायतदार त्याला कात्रीने वळण लावतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करायची, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून फळ धरायचं. घड पिकतात ते उन्हं तापू लागताना. साखर भराभर चढते आणि द्राक्षाला आंबटपणा देणारं मॅलिक आम्ल तितक्याच वेगाने उतरतं. खायच्या द्राक्षाला हे चालतं, पांढऱ्या वाइनला नाही.

पिंपातल्या वाइनला तर मुळीच नाही. फ्रान्सच्या बर्गंडीत शार्डोने द्राक्षाचा रस 228 लिटरच्या पिंपातच आंबवतात. आंबल्यावर तळाशी यीस्टचा गाळ बसतो, तो काठीने अधूनमधून ढवळतात, त्याने वाइनला साईसारखा दाटपणा येतो. उरलेल्या मॅलिक आम्लाचं जिवाणू मवाळ लॅक्टिक आम्ल करतात. लाकडातून व्हॅनिलाचा वास उतरतो, किंचित हवा आत जाते, थोडी वाइन उडून जाते आणि पिंप पुन्हा काठोकाठ भरावं लागतं. म्हणजे मुळात आंबटपणा भक्कम असेल तरच हे सगळं पेलतं. नसेल तर हाती लागते जड, मचूळ वाइन. त्यातून मराठवाड्याचा मे महिना चाळिशीपार जाणारा, तेव्हा तळघर यंत्राने गार ठेवणं आलंच.

डोंगरउताराचं मोल इथे कळतं. खालच्या काळ्या जमिनीत पाणी धरून राहतं, वेल पानांनीच माजतो. उतारावरच्या मुरमाड जमिनीतून पाणी निथळतं, वेल आवरता राहतो, मणी बारीक धरतो. उंचीमुळे हवाही थोडी गार मिळते. बालाघाट आणि अजिंठ्याच्या रांगांना असे उतार भरपूर आहेत.

तरी इथे बागा वाढल्या त्या खायच्या द्राक्षाच्याच. निजामाच्या हैदराबादेत एकोणिसाव्या शतकाअखेर अनाब-ए-शाही ही खायच्या द्राक्षाची जात आली, पुढे थॉमसन सीडलेस या बिनबियांच्या जातीने महाराष्ट्र व्यापला. जालन्याच्या कडवंचीने पाणलोटाची कामं आणि शेततळी करून कोरडवाहू गावात द्राक्ष उभं केलं, तेही खाण्यासाठीच. राज्याने 2001 मध्ये द्राक्ष प्रक्रिया धोरण आणून वाइनला उत्पादन शुल्कात सूट दिली, पण वाइन कारखान्यांसाठीचे वाइन पार्क झाले नाशिकच्या विंचूरला आणि सांगलीच्या पलूसला. धाराशिवच्या शेजारी, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूज भागात शार्डोनेच्या बागा उभ्या राहिल्या. हवामानाने तो भाग आपल्याला नाशिकपेक्षा जवळचा. मराठवाड्यात कुणाला पिंपातली पांढरी वाइन करायची असेल, तर त्याने आधी अकलूजच्या बागा पाहाव्यात, आणि पाण्यासाठी कडवंची.